गुरुवारचे तिघे

पियानो ट्रायो म्हणजे तीन पियानो असणार, असं मला वयाच्या तिशीपर्यंत वाटायचं. हसू नका. ज्याने सबंध लहानपणात एकही पियानो प्रत्यक्ष पाहिला नाही, त्याने एकदम तीन पियानोंची कल्पना करावी, यातली उदारता तरी बघा :-)

पुण्यात नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. २००५ साल असेल. एका मित्राने मला एक सीडी ऐकायला दिली. बीथोव्हनचा 'आर्चड्यूक' नावाचा ट्रायो, वाजवणारे 'बो आर्ट्स ट्रायो'. कव्हरवर तीन माणसं. एक पियानोशी बसलेला, एकाच्या हातात व्हायोलिन आणि एकाच्या गुडघ्यांमध्ये ते भलंमोठं चेलो. मी विचारलं, "बाकीचे दोन पियानो कुठायत?"

मित्र सज्जन होता. हसला नाही. म्हणाला, "पियानो एकच असतो रे. पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तिघांच्या मेळाला पियानो ट्रायो म्हणतात. घरी जाऊन ऐक आणि मग मला सांग, यातला मुख्य कोण ते."

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात जे घडलं, त्यानंतर आता ते थोडंफार देता येईल असं वाटतंय. म्हणून हे लिहायला बसलो. यात पियानो ट्रायो आहे आणि माझ्या वडिलांची पेटीही आहे. दोन्हींचा संबंध काय हे सांगायला जरा लांबून यावं लागेल, तेवढं चालवून घ्या.

आमचं गाव ढोकी. धाराशिव जिल्हा, तेव्हाचा उस्मानाबाद. साखर कारखान्याचं गाव आणि बार्शी लाइट रेल्वेचं स्टेशन. माझ्या लहानपणी ती छोट्या रुळांची गाडी कुर्डूवाडी-लातूर अशी डुलत डुलत जायची. शेजारी तेर, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. त्यामुळे आमच्याकडे भजन हे कुणी मुद्दाम शिकायला जात नाही, ते अंगणात खेळता खेळता कानावर पडतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दत्ताच्या देवळात दर गुरुवारी पेटी वाजवतात. गेली चाळीसेक वर्षं. रीतसर शिक्षण काही नाही. एका जुन्या पेटीवाल्याच्या मागे बसून बोटं बघितली, तेवढीच शाळा. त्यांच्याबरोबर गाणारे बुवा, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. आणि पखवाजवाले काका, त्यांचं शिलाईचं दुकान आहे. टाळकरी येतात जातात. कुणाचं लग्न होतं, कुणी पुण्याला जातं, कुणी रुसतं. हे तिघे मात्र कायम.

घरात रेडिओ होता. परभणी, औरंगाबाद, सोलापूर, जे लागेल ते. पहाटे अण्णा उठून तो लावायचे आणि पहिल्या निवेदनाच्या आधी ती धून वाजायची. तुम्हाला माहीतच आहे. मागे तंबोरा आणि त्यावर एक एकटं व्हायोलिन, थोडं उदास, थोडं धीर देणारं. आकाशवाणीची ती धून ऐकत अंथरुणात पडून राहायचं आणि ती संपली की आईची हाक यायची. माझ्या वयाच्या माणसाला ती धून आठवली की थंडीसुद्धा आठवते.

ती धून कुणाची, हा प्रश्न मला पडलाच नाही. सूर्य कुणाचा असं आपण कुठे विचारतो? पुढे ट्रायोंच्या नादी लागल्यावर इकडचं तिकडचं वाचत होतो, तेव्हा एक नाव समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

वॉल्टर कॉफमन. जन्म १९०७, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या कार्ल्सबादचा. ज्यू. बर्लिन आणि प्रागमध्ये संगीत शिकलेला. जर्मनीत हिटलर आल्यावर हा तरुण १९३४ च्या सुरुवातीला मुंबईत येऊन उतरला. थोडे दिवस राहू, असा विचार होता. राहिला १२ वर्षं. १९३७ ते १९४६ तो मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीच्या धूनचं श्रेय बहुतेक जाणकार त्यालाच देतात आणि त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगितलं जातं. मेहली मेहता म्हणजे मुंबईचे पारशी व्हायोलिनवादक आणि जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहतांचे वडील.

म्हणजे ढोकीतल्या त्या थंडीत, गोधडीत, मी कार्ल्सबादच्या माणसाची धून ऐकत होतो. आणि पियानो म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं!

पण खरी गंमत पुढेच आहे. मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमनने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. थोड्या वादकांनी, लहान जागेत, समोरासमोर बसून वाजवायचं संगीत म्हणजे चेंबर म्युझिक. आपल्याकडच्या खाजगी बैठकीसारखं म्हणा. एक जुना फोटो आहे. पियानोवर कॉफमन, व्हायोलिन घेतलेले मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ वेर्गा नावाचा इटालियन. एक परागंदा ज्यू, एक पारशी, एक इटालियन. पुरा पियानो ट्रायो. तोही मुंबईत, तीसच्या दशकात.

त्यांचे कार्यक्रम विलिंग्डन जिमखान्यात व्हायचे. दर गुरुवारी.

हो, गुरुवारी. मी ते वाचून अण्णांना फोन केला होता. "अण्णा, तुमच्यासारखेच तिघे, तुमच्याच वारी." अण्णा म्हणाले, "त्यांच्यात परसाद काय असायचा?"

१९३७ पर्यंत या मंडळींचे सव्वाशेच्या वर कार्यक्रम झाले होते. दर आठवड्याला नवं काहीतरी बसवायचं, जो येईल त्याच्याबरोबर वाजवायचं. ऐकायला युरोपियन, पारशी, गोव्याचे ख्रिस्ती, असा लहानसा समाज. मोठं नाव, मोठा पैसा, यातलं काहीच त्यात नव्हतं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं आणि पुढे इंग्लंड, अमेरिका करत लॉस एंजेलिसला जाऊन तिथे तरुणांचा ऑर्केस्ट्रा तीसहून जास्त वर्षं चालवला. २००२ मध्ये ते गेले. कॉफमन १९४६ मध्ये मुंबईतून निघाला, १९४८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या ऑर्केस्ट्राचा संचालक झाला आणि १९५७ पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. त्याने हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९६८ मध्ये आला. मग १९७६ मध्ये कर्नाटकी रागांवर दुसरा.

या माणसाची एक गोष्ट मला फार आवडते. युरोपात असताना त्याने पहिल्यांदा भारतीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकल्या, तेव्हा त्याला त्यातलं काहीही कळलं नाही. सगळं परकं, अनाकलनीय वाटलं. पण त्याने त्या संगीताला नावं ठेवली नाहीत. त्याने विचार केला की हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी केलंय, लाखो लोकांना ते प्रिय असणार, म्हणजे खोट माझ्या ऐकण्यात आहे. तेव्हा ते जिथं जन्मलं तिथं जाऊन शिकायला हवं.

खोट माझ्या ऐकण्यात आहे. हे वाचलं तेव्हा मला ते नुसतं मोठ्या मनाचं वाटलं होतं. ते आपल्यालाही लागू होईल असं काही वाटलं नव्हतं.

असो. ट्रायो म्हणजे नेमकं काय अवघड असतं, ते आधी सांगतो.

पियानो हे दांडगं वाद्य. मोठा पियानो पूर्ण उघडून वाजवला तर शेजारच्या चेलोचा आवाज गिळून टाकतो. म्हणून पुष्कळदा पियानोचं झाकण थोडंसंच उघडतात आणि वाजवणाऱ्याला सतत हात आखडता घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे पियानोचे स्वर ठरलेले. एकदा जुळवणाऱ्याने जुळवले की मैफल संपेपर्यंत त्यात केसभर बदल नाही. व्हायोलिन आणि चेलो यांना पडदे नसतात, बोट जरा सरकलं की स्वर सरकतो. म्हणजे पियानोवाला आपला स्वर हलवू शकत नाही आणि बाकीचे दोघे हलवू शकतात. सांभाळून घेण्याचं काम अर्थातच त्या दोघांवर येतं. आणि तबला नाही, टाळ नाही, समोर काठी हलवणारा संचालक नाही. सुरुवात करायची ती एकमेकांच्या श्वासावर, मानेच्या हालचालीवर, गजाच्या उचलण्यावर.

हे वाचताना पेटीवाल्याच्या मुलाला जे आठवायचं तेच आठवलं. पेटीचे स्वरही ठरलेले. तिच्यावर मींड निघत नाही, गळा जिथे जातो तिथे ती जाऊ शकत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती आणि ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली, तेव्हाही उठली ती अंशतःच. म्हणजे बघा, ज्या रेडिओच्या मुंबई केंद्रात एक पियानोवाला पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता, त्याच रेडिओवर पेटीला मज्जाव होता. दोघींचा दोष एकच. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "बंदी घालणाऱ्यानं भजनाला यायचं. बुवा गळ्यानं जिथं जातेत तिथं मी बोट उचलून घेतो. न वाजवणं बी येतंय की पेटीला."

२००८ मध्ये मी लॅपटॉप घेऊन दिवाळीला घरी गेलो होतो आणि मोठ्या हौसेने अण्णांना तो 'आर्चड्यूक' ऐकवला होता. दहा मिनिटं शांत बसून त्यांनी ऐकला. मग विचारलं, "ताल कोण धरतंय?" मी म्हटलं, कुणीच नाही, तिघं मिळून. अण्णा पुन्हा थोडा वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "मला यातलं काई कळंना. पण तिघंबी एकमेकाला जागा देतेत. एकजण बोलायला लागला की दुसरा खाली बसतोय."

मी पुण्यात पुस्तकं वाचून दोन वर्षांत जे समजून घेतलं होतं, ते या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं. मला जरा रागच आला होता, खरं सांगायचं तर.

ती सीडी ज्यांची, त्या बो आर्ट्स ट्रायोची शेवटची मैफल त्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला झाली. पहिली झाली होती जुलै १९५५ मध्ये, अमेरिकेत टँगलवूडला. मधली ५३ वर्षं त्यांनी देशोदेशी वाजवलं. हायडनने लिहिलेले सगळे ट्रायो रेकॉर्ड केले, चाळीसच्या वर, आणि त्या संचाला १९७९ मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला.

पहिले तिघे होते पियानोवर मेनाहेम प्रेसलर, व्हायोलिनवर डॅनिएल गिले आणि चेलोवर बर्नार्ड ग्रीनहाउस. गिले १९६८ मध्ये थांबला, त्याच्या जागी इसिडोर कोहेन आला. ग्रीनहाउस १९८७ मध्ये थांबला. नंतर आणखी बदल होत गेले. हिशेब केला तर ५३ वर्षांत पाच व्हायोलिनवाले झाले, तीन चेलोवाले झाले आणि पियानोवाला एकच. प्रेसलर.

प्रेसलरही परागंदा. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा ज्यू, १९२३ चा जन्म. लहानपणी ज्यूंच्या दुकानांची मोडतोड झाली त्यात त्याच्या वडिलांचं दुकानही फुटलं. १९३९ मध्ये घरच्यांबरोबर निसटला आणि पॅलेस्टाइनला पोचला. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एक मोठी स्पर्धा जिंकला आणि १९५५ पासून इंडियाना विद्यापीठात शिकवू लागला. म्हणजे १९५७ मध्ये आमचा कॉफमन ज्या ब्लूमिंग्टन गावात पोचला, तिथे प्रेसलर आधीच होता! मुंबईच्या गुरुवारच्या ट्रायोचा पियानोवाला आणि जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ट्रायोचा पियानोवाला, दोघे एकाच गावात, एकाच विद्यापीठात. कॉफमन १९८४ मध्ये तिथेच गेला. प्रेसलर ट्रायो संपल्यावरही एकट्याने वाजवत राहिला, नव्वदीतही. २०२३ च्या मे महिन्यात गेला, तेव्हा ९९ वर्षांचा होता.

मला या प्रेसलरचं फार कौतुक वाटायचं. साथीदार बदलत गेले आणि हा खांबासारखा उभा राहिला, ट्रायो त्याने टिकवला, असं मी लोकांना सांगायचो. आता तसं सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी दत्तजयंतीला गावी होतो. देऊळ भरलेलं. बुवांनी अभंग धरला, दोन चरण झाले आणि माझ्या लक्षात आलं की पेटी फार मोठी वाजतेय. अण्णांचा डावा हात भाता असा मारत होता की जणू चूल विझायला आलीये. बुवांचा आवाज आता पिकलेला, तो पेटीखाली दबत होता. मग शेवटाला बुवा थांबले, पखवाज थांबला, टाळ थांबले, आणि पेटी एकटीच पुढे गेली. दोन-तीन सेकंदच असतील. मागे बसलेली पोरं फिस्सकन हसली. अण्णांनी मान वर केली, सगळ्यांकडे बघितलं आणि हात काढला.

अण्णांचे कान गेलेत हे घरात माहीत होतं. टीव्ही मोठा लावतात, फोनवर भलतंच उत्तर देतात. मशीन आणून दिलंय, पण ते भजनात काढून ठेवतात. टाळ वाजले की ते कानात किंचाळतं म्हणे. पण पेटीपर्यंत हे पोचलं असेल असा विचार मी केला नव्हता.

त्या रात्री मला झोप नाही. मनात एकच, की आता अण्णांना सांगायला हवं. पेटी सोडा म्हणून. पोरं हसायच्या आधी आपण मानाने उठलेलं बरं. आणि हे सांगणार कोण? मीच. मुलाचं कामच ते. वाक्यंसुद्धा मनात जुळवली. 'अण्णा, चाळीस वर्षं झाली, आता नव्या पोरांना द्या...' वगैरे.

आणि मग आठवला तो बीथोव्हन. ज्याचा 'आर्चड्यूक' मी अण्णांना ऐकवला होता, तो त्याने स्वतः पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला ११ एप्रिल १८१४ रोजी, व्हिएन्नातल्या एका हॉटेलात. व्हायोलिनवर शुपान्त्सिख, चेलोवर लिंके. बीथोव्हन तेव्हा जवळजवळ बहिरा झाला होता. लुई श्पोर नावाच्या संगीतकाराने त्याची तालीम ऐकली आणि पुढे आठवणीत लिहून ठेवलं की जोरात वाजवायच्या जागी हा माणूस इतका ठोकायचा की तारा खणखणायच्या, आणि हळू वाजवायच्या जागी इतका हळू की स्वरांचे पुंजकेच्या पुंजके ऐकूच यायचे नाहीत. त्यानंतर थोड्याच काळात बीथोव्हनचं लोकांसमोर असं पियानो वाजवणं थांबलं.

मी हे आधीही वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, बिचारा बीथोव्हन. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की बाकीचे दोघे काय करत होते? शुपान्त्सिख आणि लिंके? जेव्हा पियानोचे स्वर गायब होत असतील, तेव्हा ते दोघे पुढे कसे जात असतील? कशावर? श्पोरने पियानोचं लिहिलं. त्या दोघांचं मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि खरं तर मी कधी शोधलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पखवाजवाल्या काकांच्या दुकानात गेलो. म्हटलं, आधी यांच्याशी बोलू, मग घरी. काका मशीनवर कुणाच्या तरी पोराच्या शाळेच्या पँटची बॉटम उसवत होते. मी आडून आडून विषय काढला. अण्णांचं वय, कान, पोरं हसली ते.

काकांनी कात्री खाली ठेवली.

"आरं, त्याला ऐकू येत न्हाई हे आमाला तीन वर्सं झाली ठाव हाय."

मी गप्प.

"मी आधी कुठं बसायचो?"

मी आठवून सांगितलं, "अण्णांच्या उजव्या बाजूला. शेजारी."

"आन् आता?"

आता ते अण्णांच्या समोर बसतात. मी चार-पाच वेळा तरी बघितलं होतं. मला वाटलं होतं गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकायला जागा बदलली असेल.

"समोर बसलं की त्याला माझे हात दिसतेत. समेला मी हात जरा वर उचलतो. बुवा बी आता डोळे मिटून गात न्हाईत, अभंग संपवायच्या आधी त्याच्याकडं बघतेत. काल एवढी गर्दी, कुणीतरी पोरगं मधीच येऊन बसलं, म्हून त्याला दिसलं न्हाई. त्याची चूक न्हाई ती." मग जरा थांबून, "तूच बसला होतास की रं मधी."

खरं होतं. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला मी पुढे सरकून बसलो होतो. काका आणि अण्णा यांच्या बरोब्बर मधे.

मला काय बोलावं कळेना. तेरला गोरोबांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि एक मडकं कच्चं निघालं, ती गोष्ट आमच्या भागात पोरासोरांना पाठ असते. त्या दिवशी दुकानात माझ्या डोक्यावर नुसतं थापटणं बसलं. वीस वर्षं मी पियानो ट्रायो ऐकतोय. तिघे एकमेकांचं कसं ऐकतात, यावर मित्रांना लेक्चरं देतोय. आणि माझ्या डोळ्यांसमोर तीन वर्षं दोन म्हातारे तिसऱ्याला धरून होते, ते मला दिसलं नाही, कारण मी फक्त पेटी ऐकत होतो. अण्णांची म्हणून. खोट माझ्या ऐकण्यात होती.

प्रेसलरबद्दल आता जे वाटतं ते हेच. तो खांब नव्हता. दर नव्या व्हायोलिनवाल्याबरोबर, नव्या चेलोवाल्याबरोबर त्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं असणार. याचा श्वास कसा, हा गज कधी उचलतो, याच्यासाठी मी किती हळू व्हायचं. तेही त्याच्यासाठी बदलले असणारच. ५३ वर्षं टिकलं ते असं. एकाने टिकवलं म्हणणं म्हणजे 'मुख्य कोण' या प्रश्नाचं चुकीचं उत्तर देणं. त्या मित्राचा प्रश्नच फसवा होता, हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

मुंबईचे गुरुवारचे ते तिघेही असेच असतील. कॉफमनला घर सोडून यावं लागलेलं, वेर्गाचा मुलूख लांब, मेहली मेहता आपल्याच गावात पण त्यांच्या संगीताला गावात ऐकणारे मोजके. त्यांच्यापाशी दर गुरुवारी एकमेकांसमोर बसण्याइतकं तरी होतं. कॉफमनचं चेंबर संगीत पुढे विस्मरणात गेलं होतं. २०२० मध्ये टोरांटोच्या एका चमूने त्यातल्या काही रचनांची सीडी काढली. ती मी ऐकली. आकार युरोपियन आणि मधेच एखादी ओळ अशी येते की वाटतं, हा माणूस आपल्याकडे कुठेतरी बसून ऐकत होता.

मी अण्णांना काहीही सांगितलं नाही. त्यांना माहीत असावं असा मला संशय आहे. आपल्याला ऐकू येत नाही हे, आणि काका समोर का बसतात हेही. तिघांपैकी कुणीच त्यावर बोलत नाही. किती दिवस चालेल? बुवा ऐंशीकडे झुकलेत. एक दिवस यातलं कुणीतरी नसेल आणि त्या दिवशी काय करायचं ते मला माहीत नाही. तेव्हाचं तेव्हा.

त्या आठवड्यात मी सुट्टी वाढवून घेतली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा देवळात गेलो. या वेळी मोबाइल घरी ठेवला. काकांनी मला बघितलं, टाळांची एक जोडी पुढे सरकवली आणि आपल्या शेजारची जागा दाखवली. अण्णांच्या समोर.

"वाजवायला येत न्हाई म्हणू नको," काका म्हणाले. "समेला नीट वर उचलायचं. त्याला दिसलं पायजे."

बुवांनी अभंग धरला. मी पहिल्या दोन समा चुकवल्या. तिसरीला हात वर उचलला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलं, जरा हसले आणि भाता हलका केला.